फँटसी वाचणाऱ्यांच्या गटात नव्याने येताना: गोव्यातल्या मराठी वाचकांसाठी

जाडजूड फँटसी कादंबरी संपवली, डोकं अजून त्या राज्यातच अडकलंय, आणि घरात त्याबद्दल बोलायला कुणी नाही. पेडण्यापासून काणकोणापर्यंत असे वाचक विखुरलेले आहेत. एका गावात दोघे सापडले तरी नशीब. म्हणून आपल्याकडचे फँटसीचे गट फोनवरच भरतात: रोजच्या गप्पा मेसेजवर, महिन्यातून एखादा व्हिडिओ कॉल, आणि जमलं तर वर्षातून दोन-तीनदा प्रत्यक्ष भेट.

अशा गटात नवीन आलेला माणूस साधारण दोन प्रकारे हरवतो. एक तर पहिल्याच दिवशी साचलेले दोनशे मेसेज बघून तो दबकतो आणि सहा महिने गप्प राहतो. नाहीतर उत्साहाच्या भरात कुणाच्या तरी आवडत्या पुस्तकाचा शेवट फोडून बसतो. दोन्ही टाळता येतं. गटात शब्दाला वजन येतं ते हातातलं पुस्तक बारकाईनं वाचल्यामुळे. किती पुस्तकं वाचली हे दोन आठवड्यांनंतर कुणी विचारत नाही. पुढच्या बहुतेक सूचना या बारकाईनं वाचण्याभोवतीच फिरतात.

आत आल्यावर लगेच

आधी गटाच्या माहितीत लिहिलेले नियम वाचा आणि मागच्या दोन आठवड्यांचे मेसेज चाळा. सगळे नकोत, दोन आठवडे पुरे. त्यातून तीन गोष्टी कळतात: सध्या कुठलं पुस्तक कुठल्या प्रकरणापर्यंत आलंय, लोक रहस्यं कशी झाकतात, आणि मराठी, कोंकणी, इंग्रजी यांतलं काय चालतं. गोव्यातल्या गटांत बहुधा तिन्ही चालतात. कुणी कोंकणीत विचारलं तर मराठीत उत्तर द्यायला काहीच हरकत नसते. लिपी मात्र एक ठेवलेली बरी. त्याचं कारण नावांच्या भागात येईल.

मग ओळख लिहा, चार-पाच ओळींत. काय वाचलंय, कुठल्या भाषेत वाचता, मोठी मालिका अर्धवट असेल तर नेमकी कुठे थांबला आहात, आणि काय वाचायला आवडत नाही. 'कुठे थांबला आहात' ही ओळ सगळ्यात उपयोगाची, कारण तिच्यामुळे बाकीचे तुमच्यासमोर जपून बोलतात. पत्ता, शाळा किंवा कामाची जागा लिहू नका, गाव सांगितलं की पुरे. शाळकरी मुलं येणार असतील तर घरच्यांना माहीत हवं, आणि गट चालवणाऱ्यांना वय आधी कळवावं. पुष्कळ फँटसी मोठ्यांसाठीच लिहिलेली असते.

लहानपणचा चांदोबा सोडला तर काही वाचलेलं नाही, असं असलं तरी संकोच करू नका. अद्भुत गोष्ट मराठीला परकी नाही. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या, १८६१ सालची 'मुक्तामाला' किंवा १८६८ सालची 'मंजुघोषा', अद्भुतरम्यच होत्या. अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि तिच्या पोटात तिसरी असते. ती वीण ज्याला सवयीची आहे, त्याला आजची पाच-पाच निवेदकांची कादंबरी जड जात नाही.

पुस्तक आणि त्याचा क्रम

गटाचं चालू पुस्तक अर्ध्यावर गेलं असेल तर धावत जाऊन गाठू नका. पुढचं निवडलं जाईपर्यंत थांबा आणि तोवर एखादी छोटी, एका खंडात संपणारी कादंबरी वाचा. दहा खंडांच्या मालिकेनं सुरुवात करणारे बहुतेक जण दुसऱ्या खंडात गळतात.

मालिका असेल तर क्रम आधी विचारून घ्या. प्रकाशनाचा क्रम आणि कथेतल्या काळाचा क्रम वेगळा असू शकतो. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात निघाली, आणि कथेच्या काळानुसार सगळ्यात आधीचं पुस्तक प्रत्यक्षात सहावं, १९५५ साली आलं. ते पहिलं वाचलं तर बर्फाळ रानाच्या मधोमध दिव्याचा खांब का उभा आहे, हे कोडं पडण्याआधीच सुटतं. म्हणून नव्या वाचकानं प्रकाशनाच्या क्रमानं जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. लेखकानं वाचकाला जे ज्या वेळी सांगायचं ठरवलं, ते त्या वेळी कळतं. उलट टोलकीनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे तीन पुस्तकांसारखं दिसतं, पण ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापलेली एकच कादंबरी आहे. पहिला खंड वाचून 'शेवट जमला नाही' असा शेरा मारला की अख्खा गट तुम्हाला हेच समजावत बसेल.

पुस्तक मिळवायला पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही पहिली जागा. १८३२ पासूनची परंपरा असलेलं ग्रंथालय आहे. तिथे नसेल तर तालुक्याच्या ग्रंथालयात विचारा, मग विकत घ्या. गटात 'पीडीएफ आहे का कुणाकडे' असं विचारू नका. चोरीच्या प्रती फिरल्या तर गट बंद पडू शकतो, आणि मराठी अनुवादाच्या प्रतीच खपल्या नाहीत तर पुढचा खंड निघतच नाही.

पावसाळ्याचं एक सांगायला हवं. वाचनाला जून ते ऑगस्ट हाच आपला खरा हंगाम, आणि पुस्तकांचा शत्रूही तोच. ग्रंथालयातून दुचाकीवर आणताना पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या, पण घरी आल्याबरोबर पिशवीतून काढा. दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या पुस्तकाला आठ-दहा दिवसांत बुरशी धरते. भिंतीला टेकवून ठेवू नका, कपाटात दोन पुस्तकांमध्ये बोटभर जागा सोडा. लाइट गेली तरी वाचता यावं म्हणून ई-पुस्तक आधीच उतरवून घ्या.

किती वाचायचं, कसं टिपायचं

हिशेब साधा आहे. ४२० पानांची कादंबरी सहा आठवड्यांत संपवायची तर आठवड्याला ७० पानं, म्हणजे रोज १०. पानाला दोन-अडीच मिनिटं धरली तर रोजची वीस-पंचवीस मिनिटं झाली. पहिली पन्नास पानं याहून हळू जातात, कारण नावं, गावं, घराणी एकदम अंगावर येतात. तिथे वेग वाढवायला जाऊ नका. 'हे पुस्तक मला झेपत नाही' हा निर्णय शंभर पानांपर्यंत लांबणीवर टाका.

वेळापत्रकात चवथ येत असेल तर त्या आठवड्यात पानं शून्य धरा. पाहुणे, माटोळी, आरत्या यांत कुणी वाचत नाही, आणि 'मी मागे पडलो' म्हणून लोक गट सोडतात ते नेमके त्यानंतर. शिगम्यालाही तेच.

वाचताना एक वही ठेवा. शंभर पानी पुरते. प्रत्येक प्रकरणाला चारच ओळी: कोण भेटलं, कुठे घडलं, काय बदललं, आणि या जगाचा कुठला नियम कळला. चौथी ओळ लोक सोडून देतात, आणि फँटसीत तीच महत्त्वाची असते. समजा, तुम्ही वाचताय त्या कादंबरीत एक म्हातारी आहे. तिसऱ्या प्रकरणात ती मिठागराच्या बांधावरून जात नाही, लांबचा वळसा घालते. तुम्ही चौथ्या ओळीत लिहिता: 'म्हातारी मीठ ओलांडत नाही, कारण सांगितलेलं नाही.' एकोणिसाव्या प्रकरणात तीच म्हातारी खाडीच्या खाऱ्या पाण्यात गुडघाभर उतरते. वहीत ती ओळ नसती तर हे तुमच्या नजरेतून निसटलं असतं. आता गटात विचारण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे: 'तिसऱ्या प्रकरणात म्हातारी मीठ टाळते, एकोणिसाव्यात खाऱ्या पाण्यात उतरते. लेखकाची चूक, की ही म्हातारी ती नव्हेच?' अशा एका प्रश्नावर गट तीन दिवस बोलतो. 'म्हातारी भारी आहे' यावर दोन अंगठे येतात आणि विषय संपतो.

दाखला देताना पानाचा आकडा देऊ नका. छापील आवृत्त्यांची पानं वेगळी पडतात, आणि ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पान बदलतं. प्रकरणाचा क्रमांक आणि त्या परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द दिले की सगळ्यांना जागा सापडते.

नावं एकाच तऱ्हेनं लिहा

ही बाब किरकोळ वाटते, पण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. इंग्रजी पुस्तकातलं एखादं कल्पित नाव कुणी रोमन लिपीत लिहितं, कुणी देवनागरीत दोन तऱ्हांनी, आणि मराठी अनुवादकानं तिसरीच निवडलेली असते. महिन्याभरानं जुनी चर्चा शोधायला गेलात की फोनचा शोध फक्त तुम्ही टाइप केलेली तऱ्हाच दाखवतो, बाकी चर्चा हरवल्यात जमा. म्हणून पहिल्या आठवड्यातच नावांची यादी करून ती गटात वर पिन करून ठेवतात. यादी असेल तर तीच वापरा, नसेल तर करायची जबाबदारी नव्या माणसानं घ्यावी. कुणाचीही हरकत नसते आणि नावं आपोआप पाठ होतात. उच्चार ठरवायला पुस्तकाच्या शेवटची परिशिष्टं किंवा ऑडिओबुकचा नमुना भाग उपयोगी पडतो.

प्राण्यांच्या आणि जातीजमातींच्या नावांना मात्र घाईनं मराठी प्रतिशब्द लावू नका. ड्रॅगनला नाग म्हटलं की वारूळ, नागपंचमी, सातेरी सगळं सोबत येतं, आणि मूळ लेखकानं तसं काही म्हटलेलंच नसतं. देवचाराच्या बाबतीत तर अधिकच जपा. शब्द कानाला काहीसा भयंकर लागतो, म्हणून बाहेरचा वाचक त्याला सैतानाच्या रांगेत बसवतो. आपल्याकडे तो वाटेचा आणि गावच्या शिवेचा राखणदार आहे, आणि त्याला रोट आणि विडी ठेवणारी घरं आजही आहेत. कुणाच्या तरी चालत्या श्रद्धेला कादंबरीतल्या राक्षसाचं नाव चिकटवलं तर गटातल्या माणसाचं मन दुखावतं, आणि वाचन म्हणूनही ते चुकतंच.

रहस्य फोडू नका, अर्धवटही नाही

गटातली भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात. कोण मरतं, कोण गद्दार निघतो, हे सांगू नये, एवढं सगळ्यांना कळतं. चूक होते ती आडून बोलण्यात. 'या पात्रावर फार जीव लावू नका', 'थांबा, चौदावं प्रकरण येऊ दे', 'तुमचा अंदाज वाचून हसू आलं': यांतलं प्रत्येक वाक्य काहीतरी फोडतंच. पहिल्यानं मरण सांगितलं, दुसऱ्यानं जागा सांगितली, तिसऱ्यानं अंदाज चुकीचा आहे हे सांगितलं. पुढचं माहीत असलेल्यानं नव्या वाचकाच्या अंदाजावर फक्त एकच प्रश्न विचारावा: 'असं का वाटतं?' आणि तो बरोबर अंदाजालाही विचारावा, चुकीच्यालाही. फक्त चुकीच्यालाच विचारला तर त्यातूनही उत्तर कळतं.

मेसेज लिहिण्याची रीत अशी. पहिल्या ओळीत पुस्तक आणि मर्यादा: 'खंड २, प्रकरण १२ पर्यंत'. त्याखाली आठ-दहा ओळी, प्रत्येकीत फक्त एक टिंब. मग मजकूर. व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवात दिसते, म्हणून ही टिंबं. डिस्कॉर्डवर आणि टेलिग्रामवर मजकुराच्या आधी दोन आणि नंतर दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो, आणि वाचणारा बोट लावून उघडतो. उत्तर देणाऱ्यानंही मर्यादेची ओळ पुन्हा लिहायची. बाराव्या प्रकरणाच्या चर्चेत कुणीतरी सहज पंधराव्यातलं बोलून जातं, ते ही ओळ न लिहिल्यामुळे.

चुकून फुटलंच तर मेसेज ताबडतोब 'सगळ्यांसाठी' पुसा आणि मग फक्त 'मेसेज काढला, माफ करा' एवढंच लिहा. 'राजकुमार मेल्याचं सांगायला नको होतं, सॉरी' अशी माफी मागणारे पुष्कळ असतात. ज्यांनी पहिला मेसेज पाहिला नव्हता त्यांनाही मग ते कळतं.

स्वतःलाही सांभाळा. पात्राच्या नावाचं स्पेलिंग बघायला शोधयंत्रात नाव टाकलं की खाली आपोआप 'मृत्यू', 'कोणाशी लग्न' अशा सूचना उमटतात. चाहत्यांनी बनवलेल्या माहितीकोशात तर पहिल्याच ओळीत जन्म आणि मरण असतं. मालिका संपेपर्यंत नावं शोधू नका, गटातल्या यादीत बघा. दृश्यमालिका निघालेली असेल तर तिची दृश्यं सुचवणारे व्हिडिओ काही महिने 'नको' म्हणून दाबून टाका.

मतभेद

'आवडलं नाही' हे तुमचं मत. ते कुणी खोडू शकत नाही, खोडायला जाऊही नये. 'पुस्तक वाईट आहे' हे विधान, त्याला आधार लागतो. दोन्हींची सरमिसळ झाली की वाद माणसावर घसरतो. स्वतःचा तर्क मांडताना तीन गोष्टी द्या: तर्क काय, त्याला पुस्तकातले निदान दोन-तीन आधार कुठले, आणि पुढे काय दिसलं तर तुम्ही तर्क मागे घ्याल. तिसरी गोष्ट आधीच लिहून ठेवली की नंतर हट्ट उरत नाही. अनुवादाची तुलना मूळ समोर ठेवूनच करा, आणि एका वेळी एकाच परिच्छेदाची.

स्वतः लिहायला लागल्यावर

पाच-सहा महिने झाले की बहुतेकांना लिहावंसं वाटतं. पुष्कळ गटांत एक सामायिक कल्पित जग असतं. नकाशा एक, नियम एक, गोष्टी वेगवेगळ्या जणांच्या. तिथे सुरुवात ८०० ते १२०० शब्दांच्या एकाच प्रसंगानं करा. दोन पात्रं, एक जागा, एक अडचण. राज्याचा हजार वर्षांचा इतिहास पहिल्या पानावर आला की वाचक तिथेच थांबतो.

जादूचा नियम एका वाक्यात लिहून बघा: कोण करू शकतं, काय मोजावं लागतं, काय कधीच होत नाही. किंमत नसलेली जादू गोष्टीतली प्रत्येक अडचण संपवते, आणि अडचण संपली की गोष्टही संपते. शेवटच्या प्रसंगात जो नियम कामाला येणार, तो गोष्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशातच वाचकाला दिसलेला हवा, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

अंतरं मोजा. सडा माणूस बऱ्या वाटेनं दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो, ओझं घेऊन घाट चढताना त्याच्या निम्मं. पणजी ते मडगाव साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे पायी भरगच्च एक दिवस, आणि मध्ये जुवारी आडवी आहे, तिच्यावर पूल नाही असं धरलं तर होडीची वाट बघणं आलं. तुमच्या नकाशावरचं कुठलंही अंतर अशा ओळखीच्या वाटेशी ताडून बघा. सैन्य, बैलगाड्या, पाऊस असेल तर आणखी कमी करा.

परिसरातलं काही घेताना मात्र ते पूर्ण घ्या. खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीचं, उदाहरण बघा, कारण गोव्यातल्या नव्या लेखकाला ते हटकून सुचतं. गोष्टीत नायिका पौर्णिमेच्या मध्यरात्री, ओहोटी लागलेली पाहून, खाडीचं पात्र पायी ओलांडते आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या, दारातून लपतछपत आत शिरते. चित्र सुंदर आहे, पण एकाच वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक वेळेची. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तास जातात, आणि रोजची वेळ पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. त्यामुळे तिथी आणि वेळ एकमेकींना बांधलेल्या असतात. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला मध्यरात्रीच्या आसपास पाणी भरलेलं असतं, तेही उधाणाचं. मध्यरात्री ओहोटी हवी असेल तर अष्टमीकडे जावं लागतं. शुद्ध अष्टमी घेतली तर चंद्र त्याच सुमाराला मावळतो, म्हणजे अंधारही आयता मिळतो. पण अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, पाणी फारसं उतरत नाही. नायिकेला कोरड्या पात्रातून जाता येणार नाही, चिखलात आणि पाण्यात कंबरेपर्यंत रुतत जावं लागेल.

दुसरी चूक दारांची. मानशीची लाकडी दारं बाहेरचं पाणी चढलं की त्या दाबानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून उघडतं. म्हणजे दार उघडं असताना पाणी तिच्या तोंडावर जोरात बाहेर येत असणार.

तिसरी चूक माणसांची. रात्रीच्या ओहोटीला मानशीवर जाळं आणि दिवा घेऊन मासे पकडणारे असतात. गावातली सगळ्यात जागी जागा तीच, तिथून लपून जाता येत नाही. आता हे सगळं गोष्टीत घ्या: अंधारी अष्टमी, कंबरभर चिखल, समोरून येणारा लोंढा आणि दिव्याच्या उजेडात जाळं धरून बसलेला माणूस, जो तिला बघतो आणि काहीच बोलत नाही. तो का बोलला नाही, हीच तुमची पुढची गोष्ट.

दुसऱ्याचं वाचून सांगताना

कुणी लिखाण वाचायला दिलं तर सात दिवसांत उत्तर द्या, जमणार नसेल तर त्याच दिवशी सांगा. 'छान!' यानं लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. क्रम असा ठेवा: गोष्टीतून मला काय कळलं, कुठे मी थांबलो किंवा मागे जाऊन पुन्हा वाचलं, आणि कुठे विसंगती वाटली. जास्तीत जास्त तीन मुद्दे. 'वर्णनं कमी करा' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'दुसऱ्या परिच्छेदात नायिका कंदील विझवते, पाचव्यात त्याच कंदिलाच्या उजेडात पत्र वाचते' हे लाख मोलाचं. दुसऱ्याचं वाक्य स्वतः लिहून देऊ नका. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघावं, पहिल्यात नाही. तुमच्या लिखाणावर कुणी असं सांगितलं तर दोन दिवस उत्तरच देऊ नका. पहिल्या तासातलं उत्तर नेहमी बचावाचं असतं.

यंत्राकडून मजकूर लिहून घेतला असेल तर तो देतानाच तसं सांगा. वाचणारा आपला वेळ माणसासाठी देतो.

हक्कांबद्दल

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि अनुवादाचा हक्कही त्यातच येतो. आवडत्या परदेशी कादंबरीचं प्रकरण मराठीत करून गटात टाकणं फुकट असलं तरी परवानगीशिवायच होतं. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही, अख्खी पानं फोटो काढून टाकू नका. दुसऱ्याच्या जगात, दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिलेलं चाहत्यांचं लिखाण गटापुरतंच ठेवा, मूळ कुणाचं ते वर लिहा, आणि त्यातून पैसे घेऊ नका. छापायची इच्छा असेल तर पहिल्यापासून स्वतःचं जग उभं करा. लोककथांवर कुणा एकाचा हक्क नसतो, पण कुणी पुस्तकात शब्दबद्ध केलेली त्यांची मांडणी त्या लेखकाचीच असते.

कॉल, भेट आणि वाचन चालवणं

व्हिडिओ कॉलला बारापेक्षा जास्त जण नकोत. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी तास जातो, मग अर्धा तास मोकळ्या गप्पा. पावसात नेट तुटतं, म्हणून आपला मुख्य मुद्दा आधीच गटात लिहून ठेवा. म्हणजे आवाज गेला तरी मुद्दा राहतो. प्रत्यक्ष भेट ग्रंथालयात किंवा अशाच सार्वजनिक जागी, दिवसाउजेडी ठेवा. सत्तरीतून किंवा काणकोणातून येणाऱ्याच्या शेवटच्या बसची वेळ विचारून मगच संपायची वेळ ठरवा.

दोन पुस्तकं गटासोबत पूर्ण झाली की तिसऱ्याचं वाचन तुम्ही चालवायला मागा. त्यासाठी पुस्तक आधी एकदा संपवलेलं हवं. सहा आठवड्यांचे टप्पे प्रकरणांच्या शेवटी पाडा, प्रसंगाच्या मध्ये नको. दर टप्प्याला तीन प्रश्न तयार ठेवा, त्यांतला एक तरी असा की ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. सुरुवातीच्या संध्याकाळी गटात एवढंच पाठवा: पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, मिळण्याची जागा, टप्प्यांच्या तारखा, पहिल्या पन्नास पानांतल्या नावांची यादी, आणि हिंसा किंवा मुलांना न झेपणारं काही असेल तर त्याची सूचना, तीही काय घडतं ते न सांगता.